गाईड डॉगची पहिली शाळा बाजारात भरते

न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनमध्ये पाठीवर छोटंसं जाकीट घातलेलं पिल्लू दुकानात, पोस्टात किंवा रेल्वेच्या फलाटावर दिसलं तर गावकऱ्यांना त्याचं नवल वाटत नाही. आज चालू असलेली जगातली सर्वांत जुनी गाईड डॉग संस्था, ‘द सीइंग आय’, इथलीच. गावाच्या मधल्या हिरव्या चौकात मॉरिस फ्रँक आणि त्यांची कुत्री बडी यांचा ब्राँझचा पुतळा उभा आहे. पण शेजारच्या पार्सिपनीत किंवा थोडं लांब एडिसनकडे नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना हे दृश्य बुचकळ्यात टाकतं. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू, धड चालता येत नाही, त्याला एवढ्या गर्दीत कशाला आणायचं? आधी नीट शिकवावं, शहाणं करावं, मग बाहेर काढावं, असं आपल्याला सहज वाटतं.

प्रत्यक्षात क्रम नेमका उलटा आहे, आणि तो कळायला या क्षेत्राला बरीच वर्षं लागली.

पहिल्या महायुद्धात हजारो जर्मन सैनिकांची दृष्टी गेली. त्यांच्यासाठी १९१६ साली ओल्डेनबर्ग इथे डॉ. गेरहार्ड स्टालिंग यांनी कुत्र्यांना पद्धतशीर शिकवणारी पहिली शाळा काढली. पुढे पोट्सडॅमला अशीच शाळा निघाली. स्वित्झर्लंडमध्ये राहून जर्मन शेफर्ड कुत्र्यांची पैदास करणाऱ्या डोरोथी यूस्टिस या अमेरिकन बाईंनी ती पाहिली आणि नोव्हेंबर १९२७मध्ये ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ साप्ताहिकात तिच्यावर लेख लिहिला. टेनेसीतल्या नॅशव्हिल गावच्या मॉरिस फ्रँक या विशीच्या आतल्या अंध तरुणाला तो घरच्यांनी वाचून दाखवला. त्याने बाईंना पत्र लिहिलं, १९२८ साली तो स्वित्झर्लंडला गेला आणि बडीला घेऊन परतला. न्यूयॉर्कमध्ये बातमीदारांच्या देखत त्याने बडीबरोबर वाहनांनी भरलेला रस्ता ओलांडला. २९ जानेवारी १९२९ रोजी नॅशव्हिलमध्ये संस्था स्थापन झाली आणि लवकरच ती न्यू जर्सीत आली.

त्या काळात कुत्री निवडली जायची ती वाढलेली. चांगलं दिसणारं, धडधाकट, शांत जनावर घ्यायचं आणि काही महिने शिकवायचं. काही उत्तम निघायची, बरीचशी निघायची नाहीत, आणि का निघत नाहीत हे कोणाला नेमकं सांगता येत नसे. कॅलिफोर्नियात १९४२ साली सुरू झालेल्या ‘गाईड डॉग्ज फॉर द ब्लाइंड’ या संस्थेत क्लॅरन्स फाफेनबर्गर नावाचे स्वयंसेवक या प्रश्नामागे हात धुऊन लागले. सुरुवातीच्या वर्षांत तिथे शिकायला घेतलेल्या कुत्र्यांपैकी फारच थोडी शेवटपर्यंत टिकत. उत्तर शोधत ते मेन राज्यातल्या बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत पोचले. तिथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर पिल्लांच्या वाढीचा बारकाईने अभ्यास करत होते. वयाच्या साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंत पिल्लाचा मेंदू जगाची ओळख करून घेतो, हा त्यांचा निष्कर्ष. या काळात जी माणसं, जे आवाज, जमीन, वास अनुभवाला येतात ते ‘आपले’ ठरतात. जे येत नाहीत त्यांचा पुढे संशय वाटत राहतो.

फाफेनबर्गरनी हे ज्ञान घेऊन आपल्याच संस्थेच्या नोंदी तपासल्या. बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लांच्या चाचण्या व्हायच्या आणि मग जागा मिळेल तशी ती घरोघरी जायची. चाचण्या संपल्यावर आठवड्याच्या आत घरी गेलेल्या पिल्लांपैकी सुमारे ९० टक्के पुढे गाईड डॉग झाली. तीन आठवड्यांहून जास्त काळ पिंजऱ्यातच राहिलेल्यांपैकी झाली ती फक्त ३० टक्के. वंश तोच, खाणं तेच, शिक्षकही तेच. फरक तेवढ्या आठवड्यांचा. स्कॉट आणि फाफेनबर्गर यांनी हा अभ्यास १९५९ साली प्रसिद्ध केला. माझ्या मते गाईड डॉगच्या इतिहासात याहून मोलाचा शोध नाही. उत्तम शिक्षक मिळूनही एखादं कुत्रं बसच्या ब्रेकच्या आवाजाने का दचकतं, याचं उत्तर त्याच्या बालपणात सापडलं.

पिल्लं घरोघरी वाढवायला देण्याची रीत मात्र त्याआधीच रुजत होती. द सीइंग आयने १९४२ साली ‘फोर-एच’ या ग्रामीण मुलांच्या मंडळांमार्फत ती सुरू केली. शेतावरची शाळकरी मुलं पिल्लू वाढवायची आणि वेळ आली की परत द्यायची. ब्रिटनमध्ये हेच काम १९५६पासून डेरेक फ्रीमन यांच्या पुढाकाराने सुरू झालं. आज जगभर साधारण हीच पद्धत आहे. सात-आठ आठवड्यांचं पिल्लू स्वयंसेवकाच्या घरी येतं आणि वर्षभराहून थोडा अधिक काळ तिथे राहतं. या स्वयंसेवकाला ‘पपी रेझर’ म्हणतात.

इथे एक खरा पेच येतो. पार्वोसारख्या रोगाच्या लशींची मालिका पुरी व्हायला पिल्लू साधारण सोळा आठवड्यांचं व्हावं लागतं, आणि जगाशी ओळख करून घेण्याचा उत्तम काळ तर बारा-चौदा आठवड्यांत सरतो. लशी पुऱ्या होईपर्यंत घरात कोंडलं तर रोग टळतो, पण भीती घर करते. अमेरिकेतल्या प्राणिवर्तन अभ्यासणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेने याबाबत स्पष्ट भूमिका घेतली आहे: लशी पुऱ्या होण्याची वाट न पाहता, काळजी घेऊन, ओळख सुरू करावी. तीन वर्षांखालच्या कुत्र्यांच्या मृत्यूचं पहिलं कारण संसर्गजन्य रोग नसून वर्तनाच्या तक्रारी आहेत, असं ही संघटना सांगते. चावरं किंवा भेदरट कुत्रं लोक सोडून देतात, निवारागृहात पोचवतात, आणि तिथे त्याचा शेवट होतो. म्हणून पपी रेझर सुरुवातीच्या आठवड्यांत पिल्लाला कडेवर घेऊन हिंडतात. पाय जमिनीला लागत नाहीत, पण कान, नाक आणि डोळे आपलं काम करत असतात. स्टेशनबाहेरच्या बाकावर पिल्लू मांडीत घेऊन वीस मिनिटं नुसतं बसणं हाही त्या दिवसाचा पुरेसा धडा असतो.

घरातला पहिला धडा फार साधा, म्हणजे शी-शूचा. पण तो घरच्या पाळीव कुत्र्याहून वेगळा असतो. पिल्लाने पट्ट्यावर असताना, सांगितल्यावर आणि सांगितलेल्या जागीच आटपायचं. काही संस्थांत ‘पार्क टाइम’ म्हणतात, काहींत ‘बिझी’. शब्द एकदा ठरला की घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा. शिवाय गवत, खडी, डांबर, काँक्रीट, सगळ्यांवर सवय लावायची, कारण या कुत्र्याचा भावी धनी विमानतळाबाहेर असेल की विसाव्या मजल्यावरच्या घराखाली, हे आज कोणाला ठाऊक नाही. यात बारकावा असा की तो धनी डोळ्यांनी पाहू शकणार नसतो. पट्टा आखूड धरून तो कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवतो. पाठ बरीच कमानदार झाली तर कुत्रा शी करतोय आणि नेमकी कुठे, हे हाताला कळतं, म्हणजे पिशवी घेऊन उचलता येतं. झुडपात पळून जाऊन आटपणाऱ्या कुत्र्याबरोबर हे शक्यच नाही. कुत्रा रोज सोबत न्यायचा तर हे जमायलाच हवं, म्हणून पिल्लाच्या शिक्षणात याला पहिला मान.

दुसरी गोष्ट म्हणजे काहीही न करता पडून राहणं. उपाहारगृहात टेबलाखाली, बसमध्ये सीटखाली, सभेत पायाशी. पिल्लाच्या रक्तात हे नसतं. म्हणून आधी दोन मिनिटं, मग पाच, मग एक चहा संपेपर्यंत, असं वाढवत न्यावं लागतं. खाली पडलेला बटाट्याचा तळलेला तुकडा नाकाजवळ असताना तो न उचलणं तर त्याहून अवघड. लॅब्रॅडॉर ही खाण्यासाठी जीव टाकणारी जात आणि गाईड डॉगमध्ये तिचाच भरणा जास्त. कुत्र्याने पायाखालचं काही तोंडात घेतलं तर सोबतच्या माणसाला ते दिसणार नसतं. म्हणून हा धडा वर्षभर चालतो.

आता बाजार. लोकांची समजूत अशी की पिल्लाला जितक्या जास्त ठिकाणी न्यावं तितकं चांगलं. तसं नाही. पिल्लाला गर्दीत ढकलून ‘होईल सवय’ म्हणणं सर्वांत घातक, कारण या वयात बसलेला धसका वर्षानुवर्षं निघत नाही. आठ ते दहा आठवड्यांच्या आसपास एक भित्रा टप्पा असतो आणि वयात येताना पुन्हा तसा येतो. काल ज्या कचराकुंडीजवळून पिल्लू बिनघोर गेलं, तिच्यापाशी आज ते अडून बसतं.

मॉरिसटाउनच्या फुटपाथवर एका बाईंनी ही गोष्ट कशी हाताळली ते मी जवळून पाहिलं. काळं लॅब्रॅडॉर पिल्लू, चार महिन्यांच्या आतबाहेरचं. वाटेत लोखंडी जाळी आली, खालून गरम हवा येणारी. पिल्लाने एक पंजा ठेवला, जाळी किंचित वाजली, पंजा मागे. बाईंनी पट्टा ओढला नाही, उचललं नाही, लाडीगोडीही केली नाही. दोन पावलं मागे येऊन त्या उभ्या राहिल्या आणि रस्त्याकडे पाहू लागल्या. पिल्लाने जांभई दिली, ओठ चाटले. ही झोपेची किंवा भुकेची खूण नव्हती, मनावरचा ताण असा दिसतो. मिनिटभराने ते आपणहून पुढे सरकलं, जाळीच्या कडेला नाक लावलं. बाईंनी तिथे खाण्याचा एक दाणा ठेवला. त्याने खाल्ला. झालं, त्या वळून निघून गेल्या. जाळी ओलांडली नाहीच. मी विचारलं तर म्हणाल्या, “दाणा घेतला, आज एवढंच पुरे. घाबरलेलं पिल्लू खात नाही.”

मला या उत्तरात सगळं शास्त्र दिसलं. पिल्लू खातंय का, शेपूट पायांत गेली का, कान मागे पडले का, हे वाचायचं आणि त्या दिवसाचं अंतर ठरवायचं. ट्रकचा आवाज सहन होत नसेल तर रस्त्यापासून शंभर पावलं लांबून सुरुवात. तिथे पिल्लू निर्धास्त झालं की ऐंशी पावलं. आपोआप उघडणारी दारं, लिफ्ट, मधल्या फळ्या नसलेले जिने, गुळगुळीत फरशी, छत्री उघडणारा माणूस, कुबड्या, चाकांची खुर्ची, दाढीवाले, टोपीवाले, रडणारं बाळ, ढोलाचा आवाज: यादी मोठी असते आणि ती महिनोन्‌महिने चालते. सरकत्या जिन्यापासून मात्र पिल्लांना लांब ठेवतात, पंजा फटीत अडकायचं भय असतं. पपी रेझरांची काही मंडळं पिल्लांना अग्निशमन केंद्रात नेतात, काही विमानतळावर, अगदी विमानाच्या सीटखाली बसवून पाहतात. २०२० साली करोनाने सगळं बंद पडलं तेव्हा या कुटुंबांची फार ओढाताण झाली, कारण पिल्लांचे आठवडे काही थांबणार नव्हते. मग घरातच भांडी वाजवणं, रेनकोट घालून हिंडणं, रस्त्यांचे आवाज लावून ठेवणं, असे उपाय लोकांनी शोधले.

यातला सर्वांत अवघड धडा पिल्लाला एकट्याने शिकता येत नाही. त्यात अनोळखी माणसांचा वाटा लागतो. पिल्लू गोड असतं, हात पुढे जातोच. पण दर दहा पावलांवर कोणीतरी गोंजारलं तर त्याला कळतं की रस्त्यावरचा प्रत्येक माणूस खेळायला आहे. पुढे पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला अंध व्यक्ती असताना तेच कुत्रं एखाद्या हसऱ्या मुलाकडे वळलं तर माणूस खांबावर आपटेल. म्हणून पपी रेझर “हात नका लावू” म्हणतात ते उद्धटपणाने नव्हे. पिल्लाकडे न पाहता माणसाशी बोलावं, खाऊ देऊ नये, आपलं कुत्रं त्याच्यापाशी नेऊ नये. मॉरिसटाउनच्या लोकांना हे पाठ आहे. आपल्या मराठी मंडळींनीही हे मुलांना आवर्जून शिकवावं असं मला मनापासून वाटतं.

दुकानांनी पिल्लाला आत घ्यायला हवं का, हा कायद्याचा मुद्दाही आहे. अमेरिकेचा १९९०चा अपंगत्वविषयक कायदा प्रशिक्षित कुत्र्याला सार्वजनिक ठिकाणी प्रवेश देतो, पण शिकत असलेल्या पिल्लाला नाही. त्याचा हक्क राज्याराज्यांच्या कायद्यांवर अवलंबून आहे. ब्रिटनमध्ये तर पिल्लू दुकानदाराच्या परवानगीनेच आत येतं. म्हणजे गावातले वाणी, ग्रंथपाल, बसचालक हेही या शिक्षणाचे भागीदार.

अलीकडच्या एका अभ्यासाने या विचारात वेगळी भर घातली. एमिली ब्रे आणि सहकाऱ्यांनी द सीइंग आयमध्ये जन्मलेल्या ९८ पिल्लांचं बालपण नोंदवलं आणि २०१७ साली निष्कर्ष मांडले. ज्या आया पिल्लांना फार जपत, सतत चाटत, जवळ घेऊन बसत, त्यांची पिल्लं पुढे नापास होण्याचं प्रमाण जास्त. ज्या आया आडवं न पडता बसून किंवा उभ्या राहून दूध पाजत, म्हणजे पिल्लाला थोडी धडपड करावी लागे, त्यांची पिल्लं जास्त यशस्वी. छोट्या अडचणी आपणच सोडवायची सवय लागली की मोठ्या वयात गोंधळ उडत नाही, असा याचा अर्थ लावता येतो. जाळीपाशी पट्टा न ओढणाऱ्या बाईही त्याच वाटेने जात होत्या.

पिल्लं वाढवणाऱ्या ठिकाणांत तुरुंगही आहेत. न्यूयॉर्कमध्ये ग्लोरिया गिल्बर्ट स्टोगा यांनी १९९७ साली ‘पपीज बिहाइंड बार्स’ ही संस्था काढली आणि कैद्यांच्या हाती गाईड डॉगची पिल्लं वाढवायला दिली. कैद्यांपाशी वेळ असतो, सातत्य असतं आणि काळजीही. फक्त तुरुंगात रहदारी नाही, दुकानं नाहीत, लहान मुलं नाहीत. म्हणून शनिवार-रविवारी बाहेरचे स्वयंसेवक ती पिल्लं शहरात घेऊन जातात. प्रेम आणि शिस्त भरपूर असूनही रस्त्याची तूट रस्त्यावरच भरून काढावी लागते, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

साधारण सव्वा वर्षाने पिल्लू संस्थेत परततं. तेव्हा कुठे औपचारिक शिक्षण सुरू होतं आणि ते चारेक महिन्यांत संपतं. रस्ता कधी ओलांडायचा हे कुत्रा ठरवत नाही. सिग्नलचे दिवे तो वाचत नाही. अंध व्यक्ती रहदारीचा आवाज ऐकते, अंदाज घेते आणि ‘फॉरवर्ड’ म्हणते. पण गाडी अंगावर येत असेल तर कुत्र्याने हुकूम मोडायचा असतो, जागचं हलायचं नाही किंवा मागे सरायचं. आज्ञाधारक प्राण्याने नेमक्या क्षणी आज्ञा नाकारणं ही या शिक्षणातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट. भेदरलेल्या कुत्र्याला ती जमत नाही, कारण त्याला प्रत्येकच आवाजाने थांबावंसं वाटतं. बाजारात निर्धास्त वाढलेल्यालाच खरा धोका वेगळा काढता येतो.

एवढं करूनही सगळी पिल्लं यशस्वी होत नाहीत. चांगल्या संस्थांतही एक तृतीयांशाच्या आसपास किंवा त्याहून अधिक बाहेर पडतात. कोणाचे सांधे कमजोर, कोणाला ॲलर्जी, कोणाला खारींचा मोह आवरत नाही. त्यांतली काही पोलीस दलात वा इतर कामांवर जातात आणि बऱ्याचदा ज्यांनी वाढवलं त्या कुटुंबाला ते पिल्लू कायमचं ठेवून घेता येतं. जी यशस्वी होतात त्यांच्यासाठी द सीइंग आय पहिल्या कुत्र्याला १५० डॉलर घेते, पुढच्यांना ५० आणि माजी सैनिकांना एक डॉलर. प्रत्यक्ष खर्च याहून कित्येक पटींनी मोठा. तो देणग्यांतून आणि पपी रेझरांच्या वर्षभराच्या मेहनतीतून भरून निघतो.

महाराष्ट्रात गाईड डॉग सहसा नजरेला पडत नाही, पण पिल्लू आणणारी घरं पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत वाढली आहेत, आणि जगाशी ओळख करून घेण्याचे आठवडे तिथल्या पिल्लांनाही तेच आहेत, मग जात लॅब्रॅडॉर असो की गावठी. भारतात २०१७च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांआधी पिल्लू विकता येत नाही. आई आणि भावंडांत राहून चावा किती जोरात घ्यायचा हे ते तोवर शिकतं, म्हणून हा नियम पाळावाच. त्यानंतर मात्र हातात जेमतेम महिना-दीड महिना उरतो. पार्वो आपल्याकडे सर्रास आढळतो, त्यामुळे भटक्या कुत्र्यांच्या वावराच्या जागी पिल्लाला जमिनीवर सोडू नये. पण कडेवर घेऊन सोसायटीच्या फाटकाशी, भाजी मंडईच्या कडेला, शाळा सुटायच्या वेळी रस्त्याच्या पलीकडे रोज दहा मिनिटं उभं राहता येतं. पशुवैद्यांना विचारून लस झालेल्या, शांत स्वभावाच्या मोठ्या कुत्र्याशी गाठ घालता येते. फटाक्यांचा आवाज मोबाइलवर अगदी हलका लावून, सोबत खाऊ देऊन, पिल्लू खात असेल तरच पुढच्या दिवशी किंचित वाढवता येतो. हे दिवाळीच्या तोंडावर सुरू करून फारसा उपयोग होत नाही. पिल्लू घरी आलं त्याच आठवड्यात सुरुवात करावी.